हळवी अन्ननलिका

पित्ताचा त्रास असलेल्या माणसाला महाराष्ट्रात एकटे पडण्याची भीती नसते. हृदयविकार झालेल्याला लोक धीर देतात, मधुमेह झालेल्याला साखरेचे आकडे विचारतात. पित्त झालेल्याला मात्र थेट उपचारच सांगतात, कारण या एका विषयात प्रत्येक मराठी माणूस जन्मतःच पदवीधर असतो. माझी छाती जळू लागल्याची वार्ता पसरताच आत्याने मोरावळ्याची बरणी पाठवली, शेजारच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी थंड दूध घोटघोट प्यायला सांगितले, आणि कचेरीतल्या एका सहकाऱ्याने पहाटे तांब्याभर कोमट मिठाचे पाणी पिऊन, घशात बोटे घालून ‘पित्त पाडण्याचा’ कार्यक्रम इतक्या रसाळपणे वर्णन केला, की डब्यातली पोळी माझ्या घशाखाली उतरेना. कोकम सरबताने पित्त शमते असे सांगणारे आणि आंबटाला शिवूही नका असे बजावणारे माझ्याच सोफ्यावर शेजारी शेजारी बसून एकाच ताटलीतला चिवडा संपवत होते. एकमत फक्त तुरीच्या डाळीबाबत झाले. तिला तत्काळ तडीपार करण्यात आले, आणि तिच्या जागी आलेल्या मुगाच्या फिकट, सालस, कसलीही महत्त्वाकांक्षा नसलेल्या वरणाबरोबर माझा पुढचा संसार सुरू झाला.

डॉक्टरांनी रीतसर गोळ्या दिल्या. या गोळ्यांची कार्यपद्धती मी अभ्यासली आहे, आणि तिच्याविषयी मला आदर आहे. जठराच्या अस्तरातील पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. ही गोळी रक्तातून तिथवर पोचते आणि त्या पंपांना टाळे लावते. मात्र जो पंप चालू आहे त्यालाच ते टाळे बसते, पंप चालू होतात जेवणाने, आणि गोळी रक्तात टिकते जेमतेम एक-दोन तास. त्यामुळे ती खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते, म्हणजे पंपांनी डोके वर काढावे तेव्हा ती दबा धरून बसलेली असते. हा सगळा गनिमी कावा आमच्या स्वयंपाकघरात “अहो, गोळी घेतली का? पोहे भिजवू का?” या दोन प्रश्नांत सामावला होता. घड्याळ लावून पोहे भिजत, घड्याळ लावून फोडणी पडे, आणि अचानक आलेल्या पाहुण्यांनाही माझे पंप जागे होईपर्यंत ताटकळावे लागे. एवढे करूनही जळजळ जागची हलली नाही. मग गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू झाली, तेव्हा रात्रीचे जेवणही घड्याळाच्या ताब्यात गेले.

गोळीने भागले नाही तेव्हा पलंगावर संक्रांत आली. डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उंच करावी, म्हणजे आम्लाला चढ लागतो, असे शास्त्र सांगते. नुसत्या उशा वाढवून उपयोग नसतो, कारण त्याने शरीर पोटात दुमडते आणि जठरावर उलट दाबच येतो. म्हणून पलंगाच्या दोन पायांखाली विटा आल्या. सौभाग्यवतींना पित्त नसल्यामुळे या प्रयोगात त्यांनी विनाकारण सहभागी व्हावे हे अन्यायाचे होते, परंतु आमचा पलंग जोडाचा आणि सागवानी असल्याने अर्धाच उचलता येईना. रात्री आम्ही दोघे उशीवर डोके टेकत असू आणि पहाटे पायथ्याच्या फळीवर पाय टेकलेल्या अवस्थेत जागे होत असू. शिवाय डाव्या कुशीवर झोपायचे, कारण त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहते. डाव्या कुशीला आमच्याकडे भिंत आहे. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर नवरा रोज रात्री भिंतीकडे तोंड करून झोपू लागला, तर त्यामागे निव्वळ शरीररचनाशास्त्र आहे हे पटवून देण्यास बराच वेळ आणि एक आकृती लागते.

दुर्बीण घालून झाली. आत ना व्रण, ना सूज, ना जठराचा भाग छातीत सरकलेला. गोळ्या नियमाने घेऊनही सुमारे एक तृतीयांश रुग्णांची तक्रार पुरती जात नाही असे सांगून पोटाचे तज्ज्ञ म्हणाले, “काका, आता अंदाज पुरे. खरंच आम्ल वर येतंय का, ते चोवीस तास मोजू या.” हे डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचे होते. काका म्हणणाऱ्याला नाही म्हणणे आपल्या संस्कृतीत बसत नाही.

या तपासणीसाठी आधी आठवडाभर गोळ्या बंद ठेवतात आणि मग नाकपुडीतून एक बारीक नळी अन्ननलिकेत उतरवतात. अन्ननलिकेच्या खालच्या झडपेच्या पाच सेंटिमीटर वर तिचा संवेदक येतो आणि तिथे आम्लता किती आहे हे सतत टिपत राहतो. नळी उतरत असताना “पाण्याचा घोट घ्या, गिळा, गिळा, छान!” असे तोंडभर कौतुक होत असते, गिळल्याबद्दल माझे कौतुक त्यापूर्वी फक्त आईने केले होते. डोळ्यांतून पाणी वाहत असताना मी अलेक्सी सेंट मार्टिनचे स्मरण केले. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला आणि जखम भरली तरी जठराला पडलेले भोक बुजले नाही. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडत, काही वेळाने ओढून बाहेर काढत आणि किती पचले ते वहीत लिहीत. आज आपल्याला जठररसाबद्दल जे ठाऊक आहे त्याचा पाया त्या दोऱ्यात आहे. डॉक्टर १८५३ मध्ये वारले. सेंट मार्टिन, पोटाच्या भोकासह, १८८० पर्यंत जगला. त्याच्या मानाने माझ्यावर फारच सभ्यपणे संशोधन चालले होते.

नळीचे दुसरे टोक गालावर चिकटपट्टीने डकवून कमरेच्या एका डबीला जोडले गेले. डबीवर बटणे होती: जेवायला बसलो की एक, आडवा झालो की दुसरे, आणि जळजळ झाली की तिसरे. “रोजच्यासारखं वागा. ज्याने त्रास होतो, ते मुद्दाम खा,” असे डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतले, कारण घरी ते कुणालाही खरे वाटले नसते.

घरी जाताना लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकूंनी “अगं बाई, ऑक्सिजनवर?” असे विचारले, आणि मी खुलासा करीपर्यंत त्या उतरूनही गेल्या. संध्याकाळपर्यंत भेटायला तीन जण येऊन गेले. नाकात नळी असलेला रुग्ण जादा तर्री मागून मिसळ ओरपतो आहे हे दृश्य पाहून त्यांना नेमके काय बोलावे ते सुचेना. मिसळीनंतर बटाटेवडा झाला, वड्यानंतर कडक चहा झाला, आणि तिसऱ्या बटणावर अंगठा ठेवून मी वाट पाहत बसलो. काही नाही. एवढी वर्षे नको नको म्हणताना येणारी जळजळ आज मी देव पाण्यात ठेवून बोलावीत होतो आणि ती ढुंकून पाहत नव्हती. मधूनमधून स्वयंपाकघरातून “होतंय का काही?” अशी विचारणा होई आणि मला “अजून नाही” असे ओशाळून कबूल करावे लागे. अखेर रात्री, डाव्या कुशीवर, भिंतीसमोर ती आली. मी बटण दाबले. पुन्हा आली, पुन्हा दाबले. एवढ्या आनंदाने छातीतली जळजळ कुणी साजरी केली असेल असे मला वाटत नाही.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर आलेख दाखवला. चोवीस तासांपैकी चार टक्क्यांपेक्षा कमी वेळ आम्ल वर असेल तर ते सर्वसाधारण मानतात, सहा टक्क्यांच्या पुढे गेले तर आजार नक्की. माझा आकडा चारच्या आत होता. मिसळीनंतर रेघ खाली गेली होती, म्हणजे आम्ल खरोखरच वर आले होते, पण तिथे बटणाची खूण नव्हती. आणि जिथे खुणांची गर्दी होती तिथे आलेख निवांत झोपलेला होता. आम्ल आले तेव्हा मला कळले नव्हते, आणि मला कळले तेव्हा आम्ल आलेच नव्हते.

“काका, जळजळ खोटी नाही,” डॉक्टर घाईने म्हणाले. “पण ती आम्लाची नाही. तुमची अन्ननलिका जरा हळवी आहे. साध्या हालचालीलाही तिथल्या नसा जळजळ म्हणून वर कळवतात.” ज्याच्याविरुद्ध एवढी फौज उभी केली तो आरोपी घटनास्थळी नव्हताच, मग गोळ्यांनी टाळे लावायचे तरी कशाला? “हळवेपणा आहे खरा,” सौभाग्यवती म्हणाल्या, “पण तो एवढा आत असेल असं वाटलं नव्हतं.”

नवा उपचार म्हणजे पोटाने सावकाश श्वास घेण्याचा व्यायाम आणि झोपताना ॲमिट्रिप्टिलीनची अगदी लहान मात्रा. हे औषध मोठ्या मात्रेत नैराश्यावर देतात. लहान मात्रेत ते नसांची कुरकुर कमी करते. हा फरक मी सविस्तर सांगण्यापूर्वीच मुलीने मोबाइलवर नाव शोधले होते. बंगळूरहून फोन आला, आणि नेहमी “आईला द्या” म्हणणारी मुलगी अत्यंत मृदू आवाजात म्हणाली, “बाबा, तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं आहे का?” आत्याने तर अहवालच फेटाळला. पित्त नाही असे म्हणणारे यंत्र बिघडलेले असणार, असा निर्वाळा देऊन तिने मोरावळ्याची दुसरी बरणी धाडली. ती मी संपवली, कारण मोरावळा उत्तम होता.

जळजळ पुरती गेलेली नाही, परंतु तिचे येणे-जाणे कमी झाले आहे आणि तिच्यासाठी आता पोहे थांबत नाहीत. तुरीच्या डाळीची निर्दोष मुक्तता होऊन पहिल्याच रविवारी चिंचगुळाची आमटी झाली. विटा तेवढ्या काढता आल्या नाहीत. पलंगाखाली उशाकडे जी जास्तीची उंची मिळाली होती तिथे तोवर वर्षाच्या तांदळाचे डबे बसले होते, आणि ते बाहेर काढले तर ठेवायचे कुठे, याचे उत्तर ना डॉक्टरांकडे होते ना माझ्याकडे.