सुदानला पाठवलेली मदत खरोखर वाया जाते का?

आमच्या नौपाड्यातील सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक संदेश दोन दिवसांत ऐरोली-नेरूळच्या नातेवाइकांकडूनही माझ्याकडे परत आला. सुदानसाठी निधी देऊ नका, असे त्यात बजावले आहे, कारण तेथे पाठवलेले सगळे बंदूकधारी लुटतात, निवेदनांनी काही बदलत नाही आणि आपल्याकडेच गरिबी असताना परक्यांची काळजी कशाला.

लूट होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. डिसेंबर 2023 मध्ये सुदानमधील वाद मदनी शहरात संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचे गोदाम लुटले गेले आणि सुमारे 15 लाख लोकांना महिनाभर पुरेल इतका साठा गेला. खोटा आहे तो ‘सगळे’ हा शब्द. 15 एप्रिल 2023 रोजी लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटल्यावर वस्त्यावस्त्यांतील तरुणांनी ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्ष’ उभारले आणि सामूहिक स्वयंपाकघरे सुरू केली. त्यांच्याकडे लुटण्याजोगी मोठी गोदामे नसतात. परदेशातील सुदानी नागरिक आणि संस्था बरीचशी रक्कम मोबाइल ॲपवरून पाठवतात आणि स्वयंसेवक जवळच्या बाजारातून मिळेल ते धान्य, डाळ, तेल विकत घेतात. 2025 च्या आरंभी अमेरिकेने परकीय मदत रोखताच यांतील शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली. पैसा पोहोचतच नसता, तर तो थांबल्यामुळे चुली विझल्या नसत्या. जुलै 2021 च्या पुरानंतर आम्ही चिपळूणला जुन्या कपड्यांची गाठोडी घेऊन गेलो होतो. तेथील लोकांना हवे होते पिण्याचे पाणी, फावडी आणि हातात रोख पैसे. काय हवे, हे तेथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते, हे मी तेव्हा शिकलो.

निवेदनांविषयीचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण अपयशाची उदाहरणे समोर आहेत. पश्चिम सुदानमधील दारफुर भागातल्या एल फाशेर शहराला आरएसएफने घातलेला वेढा उठवावा, असा ठराव सुरक्षा परिषदेने जून 2024 मध्ये केला, तो आरएसएफने जुमानला नाही आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ते शहर पडले. परंतु त्याच शहराजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झाले आणि मदतसंस्थांनी महिनोन्महिने लावून धरलेली मागणी मान्य करून सुदान सरकारने त्याच महिन्यात, फेब्रुवारीपासून बंद असलेला शेजारच्या चाड देशाच्या सीमेवरील आद्रेचा मार्ग खुला केला. त्या मार्गाने दारफुरमध्ये धान्याचे ट्रक गेले. युद्ध त्याने थांबले नाही, हे खरे. पण ती मागणी युद्ध थांबवण्याची नव्हती, रस्ता उघडण्याची होती.

‘आधी आपले घर’ या मुद्द्याला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण पुरेशी आहे. 1938 मध्ये ते वैद्यकीय पथकासह चीनला गेले, तेव्हा भारत पारतंत्र्यात होता आणि आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता. 1942 मध्ये तेथेच सेवेत असताना त्यांचा मृत्यू झाला. एप्रिल 2023 मध्ये ‘ऑपरेशन कावेरी’तून आपली हजारो माणसे पोर्ट सुदानमार्गे सुखरूप परतली, त्यानंतर मागे राहिलेल्यांशी आपले नाते संपले, हे मला मान्य नाही.

सावधगिरी मात्र हवीच. सोसायटीच्या पुढच्या सभेत निधीचा विषय निघेल, तेव्हा ज्या संस्थेला पैसे द्यायचे तिला दोन प्रश्न विचारावेत, असे मी सुचवणार आहे: रक्कम सुदानमधील कोणत्या स्थानिक गटाच्या हाती जाते आणि तिचा हिशेब आपल्याला केव्हा मिळेल?