वास्तुशांतीला नको, घर रिकामं करायला या

ठाण्यातल्या नौपाड्यात, पाचपाखाडीत, विष्णुनगरात आज क्वचितच एखादी जुनी सोसायटी असेल, जिथे पुनर्विकासाचा विषय निघालेला नाही. माझ्या आईची इमारतही त्याच वाटेवर आहे. मी बर्लिनमध्ये राहते, पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची चर्चा रोज वाचते. कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम किती, बांधकाम होईपर्यंतच्या घराचं भाडं दर वर्षी किती टक्क्यांनी वाढवून मिळणार, पार्किंग स्टिल्टमध्ये की पोडियमवर. शिफ्टिंगचे पैसे हा त्यातला सगळ्यात लहान आकडा. घरातल्या सामानाबद्दल ग्रुपवर तेवढंच बोललं जातं.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. परदेशात राहणारी आपली बरीच मंडळी ‘आमचं जुनं ठाणं राहिलं नाही’ म्हणून हळहळतात, आणि गळक्या स्लॅबखाली राहावं लागतं ते दुसऱ्यांना. ऑगस्ट २०१५मध्ये बी-केबिन भागातली ‘कृष्णा निवास’ मध्यरात्रीनंतर कोसळली आणि झोपेतली माणसं ढिगाऱ्याखाली गेली. ज्या इमारतीच्या बीममधल्या सळया उघड्या पडल्यात, तिच्या गोड आठवणी काढत बसणं हा तिथे राहणाऱ्यांवर अन्याय आहे. जुलै २०१९च्या शासन निर्णयानं ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली, तेही योग्यच झालं.

माझं म्हणणं आहे ते सह्यांनंतरच्या दिवसांबद्दल. घरं रिकामी करायची नोटीस येते आणि महिना-दीड महिन्यात सगळं आवरायचं असतं. त्यातच घोडबंदर रोडला किंवा कळव्याला भाड्याचं घर शोधायचं, ब्रोकरशी बोलायचं, गॅसचं कनेक्शन हलवायचं. पंचाहत्तरीच्या माणसानं अख्ख्या संसाराचं घर त्यातूनच वेळ काढून उपसायचं. आणि आम्ही मुलं फ्रीमाँटहून, लंडनहून, बर्लिनहून व्हिडिओ कॉलवर सांगतो, “टाकून दे गं आई, नव्या घरात सगळं नवीन घेऊ.”

टाकायचं काय, ते तरी बघावं. माळ्यावर पितळेची घागर आहे. तिच्या गळ्याशी टोचून कोरलंय : मामाकडून सप्रेम भेट, खाली लग्नाची तारीख. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती, त्यामुळे मांडणीवरची भांडी ओळीनं वाचली तर कोण लग्नाला आलं, कोणाची ऐपत काय होती, कोणी पोटाला चिमटा काढून परात दिली, सगळं कळतं. पण ते वाचून दाखवणारं माणूस शेजारी हवं. ते नसलं तर घागर मोडीत जाते, किलोच्या भावानं.

देवघरातले टाक, म्हणजे देवांच्या प्रतिमा उठवलेले चांदीचे पत्रे, तर त्याहून अवघड. खंडोबाचा आणि भवानीचा टाक म्हणजे नुसती चांदी नव्हे. त्यांच्याबरोबर कुळधर्म येतो, नवरात्राची माळ येते, चंपाषष्ठीचा नैवेद्य येतो. ते माझ्याकडे आले तर मी बर्लिनमध्ये हे सगळं करणार का? भावाकडे गेले तर वहिनीवर ते ओझं टाकायचा आम्हाला काय हक्क? हा प्रश्न टेम्पो खाली उभा असताना सुटत नाही. त्याला चार निवांत दुपारी लागतात, थोडं भांडण लागतं, थोडं रडणंही.

मी राहते तिथे घर बदलण्याचं शास्त्रच आहे. जर्मनीत घर सोडणाऱ्या भाडेकरूला साधारणपणे तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे आवरायला तेवढा वेळ हातात असतो. भाड्याची घरं बहुतेकदा रिकामीच मिळतात, म्हणून लोक ओटा-कपाटांसकट स्वयंपाकघर खोलून पुढच्या घरी नेतात. नको असलेल्या वस्तू ‘न्या’ अशी चिठ्ठी लावून फुटपाथवर ठेवतात. बर्लिनच्या कचरा-सफाई कंपनीनं तर २०२०मध्ये वापरलेल्या वस्तूंचं मोठं दुकानच उघडलं. वस्तू हातातून हातात जाऊ द्यायची ही सवय मला मनापासून आवडते.

मात्र इथल्या माउअरपार्क या बागेतल्या रविवारच्या जुन्या बाजारात खोक्यांमधून लोकांचे कौटुंबिक फोटो विकायला असतात. लग्नातले, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे, अनोळखी आजोबांचे. माणूस गेलं की घर रिकामं करून देणाऱ्या कंपन्या आहेत. त्या येतात, दोन दिवसांत जागा झाडून देतात. स्वयंपाकघर खोलून नेणाऱ्या या शहरात आजोबांचं नाव सांगायला कोणी उरलेलं नसतं. तो बाजार बघून आले की आईला फोन केल्याशिवाय मला राहवत नाही.

याच शहरात आनहाल्टर बानहोफ या जुन्या रेल्वे स्टेशनजवळ २०२१मध्ये एक संग्रहालय सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी आणि नंतर पूर्वेकडून सव्वा कोटीच्या आसपास जर्मन लोक पळाले किंवा हाकलले गेले, त्यांच्याबद्दलचं आणि जगभरच्या इतर निर्वासितांबद्दलचं. त्या यातनांशी नौपाड्याची बरोबरी मी करत नाही. आम्हाला तर मोठा फ्लॅट मिळणार आहे. पण तिथली साधी घरगुती वस्तूसुद्धा बोलते, कारण ती कोणाची आणि कुठून आली हे कोणीतरी सांगून ठेवलंय.

म्हणून माझं मत असं, की करारात घर रिकामं करायला किमान चार महिने मागावेत. आजच्या भाषेत ते ‘प्रोजेक्ट लांबवणं’ वाटेल. तीन-चार वर्षं चालणाऱ्या बांधकामात एवढे महिने बिल्डरला जड नाहीत. भाड्याच्या छोट्या घरात न मावणाऱ्या सामानासाठी जवळच एक कुलूपबंद गाळा बिल्डरनं द्यावा. आणि निघण्याआधी दोन रविवार सोसायटीच्या आवारात सतरंज्या टाकून वस्तू मांडाव्यात. शेजाऱ्याचा पाट शेजाऱ्याकडेच गेला तर किती बरं.

आणि आपण, बाहेर राहणाऱ्यांनी? रजा जपून ठेवून आपण वास्तुशांतीला येतो, नव्या हॉलमध्ये फोटो काढतो. ती रजा त्याऐवजी घर रिकामं होताना घ्या. आईवडिलांना एकेक वस्तू हातात घेऊ द्या, ती कोणाची ते विचारा, फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा, आणि मग जे टाकायचं ते त्यांनाच ठरवू द्या. बरंचसं ते स्वतःच टाकतील. आईनं तिच्या दोन ट्रंका आपणहून देऊन टाकल्या, मात्र कुठली साडी कुठल्या डोहाळजेवणाची हे मला ऐकवल्यावर.

आमच्या कराराचा मसुदा अजून वकिलांकडे आहे. मुदत आणि गाळा या दोन्ही गोष्टींचं पत्र आईनं सेक्रेटरींना दिलं, त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आणि तळमजल्यावरच्या मावशींनीही सह्या केल्यात. पुढच्या सर्वसाधारण सभेत ते वाचलं जाईल. टाकांचं अजून ठरलेलं नाही. भावाशी आणि वहिनीशी समोरासमोर बोलायला मी दिवाळीनंतर येतेय.