अंडं सुटलं, चहा सुटेना

अंडं-दूध सगळं सोडून व्हीगन कसं व्हायचं, यावरच्या लेखात म्हटलंय, अंडं सोडलं की टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, नाहीतर प्रोटीन पावडर घ्या. बाप्पा, आमच्या खेड्यात टोफू कुठून आणू? एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं, तेवढी मूठभर फुटाण्यांत मिळतात. वर तुरीचं वरण, पाटवडीचा रस्सा आहेच. केकसाठी पोरीनं जवसाची पूड पाण्यात भिजवली. दहा मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत झाली, अन् केक बरा जमला. बी-12 जीवनसत्त्व मात्र डाळीत नसतं, त्याची गोळी लागतेच. लेखात हे यायला पाहिजे होतं. माझं अंडं सहज सुटलं, तसंही गोठ्यामागं चोरून उकडायचो. अडलंय चहाशी. दारात गाय बांधलेली, अन् कोरा चहा मागितला की माय विचारते, "ताप आला का रे?"