स्कीन्सला देऊ नका

नोव्हेंबर 2025 ला जडेजा राजस्थानला गेला आणि संजू चेन्नईत आला तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस नुसती भांडणं चालू होती, आणि इथे पिट्सबर्गमध्ये बसून ते वाचताना मला वाटलं की अरे आमच्या घरात तर हेच गेले सहा महिने चालूय, फक्त नाव वेगळं. पॉल स्कीन्स, आमच्या पिट्सबर्गच्या बेसबॉल टीमचा, पायरेट्सचा, पिचर. दिवाळीच्या फराळाला जमलो तेव्हाही चकलीचा डबा फिरत होता आणि चर्चा एकच, पायरेट्सनी स्कीन्सला ट्रेड करावं का. तिथे मला नीट बोलताच आलं नाही, सगळे एकदम बोलत होते, म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे पोस्ट, आधीच सांगते.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी. पिचर म्हणजे आपला बोलर समजा. तो दर नऊ इनिंगला, म्हणजे एका पूर्ण मॅचला, सरासरी किती रन देतो हा आकडा बघतात, तीनच्या खाली असला तरी भारी म्हणतात, आणि स्कीन्सचा 2024 ला 1.96 आणि 2025 ला 1.97. पहिल्या वर्षी रूकी ऑफ द इयर, दुसऱ्या वर्षी साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सगळ्यात भारी पिचरचा), तोही एकमताने, एकाही मतदाराने दुसऱ्या कोणाचं नाव वर टाकलं नाही. आणि एवढं करून 2025 ला त्याच्या नावावर विजय किती? 10. पराभव पण 10. कारण त्याच्यासाठी आमची टीम रनच काढत नाही. अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी होमरन आमच्या, 117. सीझन संपला 71 जिंकून आणि 91 हरून.

तर माझ्या नवऱ्याचं म्हणणं (आणि फराळाला आलेल्या निम्म्या लोकांचं) असं की एक माणूस पाच दिवसांतून एकदा पिच करतो, बाकीचे चार दिवस आपण हरतोच, मग त्याला आत्ता भाव सगळ्यात जास्त असताना द्या आणि बदल्यात चार-पाच चांगले तरुण बॅटर घ्या. वर पिचरच्या हाताचा काही भरवसा नाही. हे खरंय, आमच्याच जॅरेड जोन्सच्या कोपराचं मे 2025 मध्ये ऑपरेशन झालं, तो पण वेगवान, तो पण कोवळा. मी हा मुद्दा उडवून लावत नाही, स्कीन्स ताशी 100 मैलांनी बॉल टाकतो तेव्हा दरवेळी माझ्या पोटात गोळा येतो.

पण आता माझं ऐका.

मी 2008 ला इथे आले. त्याच नोव्हेंबरमध्ये पायरेट्सनी रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल या यूपीच्या दोन पोरांना साइन केलं, भाला फेकणारी पोरं, बेसबॉल कधी खेळलेली नव्हती, भारतातून अमेरिकन क्लबकडे जाणारे ते पहिलेच. बाबांनी पुण्याहून फोन करून मला ती बातमी सांगितली, तुझ्या गावची टीम आहे म्हणाले. तिथून मी बघायला लागले. टीम तेव्हा दरवर्षी हरायची, 1993 पासून 2012 पर्यंत सलग 20 सीझन हरलेले आहेत हे लोक, विचार करा, माणूस जन्माला येऊन कॉलेजात गेला तरी टीम हरतेच आहे. मग 1 ऑक्टोबर 2013. वाईल्ड कार्ड मॅच, म्हणजे जिंकलं तर पुढे नाहीतर सीझन संपला, स्टेडियम सगळं काळ्या कपड्यात, आणि समोरच्या पिचरचं नाव 40 हजार लोक सुरात ओढून म्हणतायत, क्वेऽऽटो, क्वेऽऽटो, त्याच्या हातातून बॉल पडला आणि पुढच्याच बॉलला रसेल मार्टिनने होमरन मारला. मी होते तिथे. शेजारच्या अनोळखी आजीने मला मिठी मारली होती. हे शहर काय होऊ शकतं ते मी बघितलंय म्हणून मला एवढा राग येतो.

आता ट्रेडचा हिशोब. जानेवारी 2018 ला आम्ही गेरिट कोलला ह्यूस्टनला दिलं. कोल पण पिचर, 2011 च्या ड्राफ्टचा (टीम्स नवीन पोरं निवडतात त्याचा) पहिला नंबर, स्कीन्स 2023 चा पहिला नंबर, म्हणजे अगदी तोच प्रकार. कोलच्या बदल्यात चार जण आले, त्यात सगळ्यात चांगला निघाला जो मसग्रोव्ह. जानेवारी 2021 ला मसग्रोव्हला सॅन डिएगोला दिलं, आणि एप्रिलमध्ये त्याने तिथे नो-हिटर टाकली (अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट नाही), त्या क्लबच्या इतिहासातली पहिली. मसग्रोव्हच्या बदल्यात जे आले त्यात डेव्हिड बेडनार, इथलाच पोरगा, शहराबाहेरच्या मार्स गावचा, दोनदा ऑल-स्टार झाला, माझ्या लेकीची पहिली जर्सी त्याचीच, 51 नंबर. 31 जुलै 2025 ला तो न्यूयॉर्कच्या यँकीजला गेला, बदल्यात तीन तरुण पोरं. आणि गेरिट कोल आज कुठे आहे? यँकीजमध्येच, 9 वर्षांचा 32 कोटी 40 लाख डॉलरचा करार करून. म्हणजे साडेसात वर्षं आपण एका माणसाचे सुटे पैसे करत बसलो आणि शेवटी नोट पण त्यांच्याकडे आणि सुटे पण त्यांच्याकडे.

कोणी म्हणेल आमच्या जुन्या स्टारच्या, मॅककचनच्या, ट्रेडमध्ये ब्रायन रेनॉल्ड्स मिळाला की. हो मिळाला, आणि तो ट्रेड चांगलाच होता. पण का चांगला? कारण 2023 ला रेनॉल्ड्सला 8 वर्षांचा करार देऊन ठेवून घेतलं. दिला नसता तर तोही आज कुठेतरी गेला असता आणि आपण त्याच्या बदल्यातल्या पोरांची नावं पाठ करत बसलो असतो.

दुसऱ्यांचं बघा. शिकागो व्हाइट सॉक्सनी डिसेंबर 2016 ला त्यांच्या स्टार पिचरला, ख्रिस सेलला, दिलं, सगळे म्हणाले काय भारी रिबिल्ड, एवढे प्रॉस्पेक्ट (उगवती पोरं). सेलने 2018 ला बॉस्टनबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकली, शेवटची विकेटही त्याचीच. व्हाइट सॉक्स 2021 ला एकदा 93 मॅच जिंकले, आणि 2024 ला 121 हरले. वॉशिंग्टनने ऑगस्ट 2022 ला त्यांच्या स्टार बॅटरला, हुआन सोटोला, दिलं, आलेली पोरं खरंच गुणी आहेत, जेम्स वुड, एब्रम्स, तरी 2025 ला 96 हरले. चांगली पोरं येऊनही टीम होत नाही, वर पैसे घालावे लागतात.

नवरा इथे मिलवॉकीचं उदाहरण देतो आणि ते खरंच दमदार आहे. छोटं शहर, आमच्यासारखंच, फेब्रुवारी 2024 ला त्यांनी त्यांच्या पिचरला, कॉर्बिन बर्न्सला, दिलं आणि तरी 2025 ला 97 जिंकून सगळ्यांच्या पुढे. पण बर्न्सचं एकच वर्ष उरलं होतं, पुढच्या हिवाळ्यात तो मोकळाच होणार होता. स्कीन्स 2029 पर्यंत आपला आहे. 2026 धरून चार सीझन! आणि 2025 ला त्याचा पगार दहा लाख डॉलरच्या आत होता, मोठा पगार लवादातून (पगारावर जमलं नाही तर तिऱ्हाईत ठरवतो) 2027 पासून सुरू होईल. एवढ्या स्वस्तात एवढा पिचर लीगमध्ये कोणाकडे नाही, त्यामुळे बॅटर घ्यायला पैसे नाहीत हे मला पटत नाही, स्कीन्समुळे जे वाचतायत ते लावा ना. सॅलरी कॅप (टीमच्या पगारखर्चावर मर्यादा) नाही हे मान्य, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचा खर्च 2025 ला 30 कोटी डॉलरच्या वर आणि आमचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, त्यांच्याशी बरोबरी करा असं कोणीच म्हणत नाहीये. मिलवॉकीशी करा.

लोक मालकांना उद्देशून स्टेडियममध्ये "सेल द टीम" ओरडतात ते एका सीझनच्या हरण्यावरून नाही. उजवीकडच्या भिंतीवरून क्लेमेंटेंचा 21 नंबर काढून तिथे जाहिरात लावली होती 2025 ला, घरच्यांनी बोलल्यावर परत लावला. रोबर्टो क्लेमेंटे म्हणजे पायरेट्सचा जुना महान खेळाडू, निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान पडून गेलेला माणूस, या शहरात त्यांचं नाव कसं घेतात ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. ज्यांच्या लक्षात तो नंबर राहिला नाही त्यांच्यावर स्कीन्सच्या ट्रेडचा भरवसा मी का ठेवू?

आणि 11 मे 2024 मी विसरू शकत नाही. स्कीन्सची पहिली मॅच, लेक आणि मी गेलो होतो, मध्येच पाऊस, दोन तास भिजत बसलो, पण त्याने 100 च्या वरचे 17 बॉल टाकले आणि दर बॉलला लोक मागे वळून बोर्डावरचा आकडा बघत होते. तो गेल्यावर पुढच्या पिचर्सनी फुकटचे रन वाटले तरी कोणी उठलं नाही, 10-9 जिंकलो.

जनरल मॅनेजर चेरिंग्टन नोव्हेंबर 2025 ला म्हणाले 2026 ला तो इथेच असेल. ठीक आहे, पण 2027 चं कोणी बोलत नाही आणि चर्चा थांबत नाही. ट्रेड हवा म्हणणाऱ्या सगळ्यांना, नवऱ्यालाही, मला एवढंच विचारायचंय: स्कीन्सच्या बदल्यात येणारी पोरं समजा सगळीच्या सगळी चांगली निघाली, तर 2031 ला त्यांना पगार कोण देणार आहे? याचं उत्तर द्या कमेंटमध्ये, मग आपण पुढे बोलू.