टीपॉय हॉलच्या मधोमध ठेवायचा नसतो

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "टीपॉय हॉलच्या बरोबर मधोमध ठेवा, सोफ्याएवढा लांब घ्या, सीटपेक्षा उंच असू द्या, काचेचा घेतला की हॉल मोठा दिसतो." यातलं शेवटचं तेवढं थोडंफार खरं आहे.

मधोमध कशाच्या? टीपॉयचं अंतर भिंतींपासून नाही, सोफ्याच्या पुढच्या कडेपासून मोजायचं, 14 ते 18 इंच. सोफा 36 इंच खोल आणि टीपॉय 22 इंच रुंद धरा. 10 फुटी हॉलमध्ये तो मधोमध ठेवला तर सोफ्यापासून 13 इंचच उरतात, गुडघे आपटतात. 12 फुटी हॉलमध्ये तेच अंतर 25 इंच होतं, मग कुंद्याची (बेळगावी मिठाईची) बशी उचलायला पाहुण्याला अर्धवट उठावं लागतं.

बेळगावात शहापूर-वडगावकडच्या जुन्या अरुंद घरांत तर हा सल्ला मुळीच चालत नाही. सोपा म्हणजे पुढची बसायची खोली, मग मधलं घर, स्वयंपाकघर, एकापाठोपाठ एक. मागच्या परड्यापर्यंतची सगळी ये-जा सोप्यातूनच. सोपा 9 फूट रुंद असेल तर भिंतीला 30 इंची दिवाण, 14 इंच जागा, मग 18 इंची टीपॉय. पलीकडे 46 इंच उरतात. चालायला निदान 30 हवेत, हातात ताट असेल तर 36. म्हणून समोरच्या भिंतीला 10 इंचांपेक्षा खोल कपाट नको.

लांबी सोफ्याच्या दोन तृतीयांश पुरते. 78 इंची सोफ्याला 52 इंच. सोफ्याएवढाच लांब घेतला तर कडेला बसलेल्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. उंची सीटएवढी किंवा इंच-दोन इंच कमी. फोम दबतो, त्यामुळे कुणाला तरी बसवूनच मोजा.

काचेमुळे हॉल मोकळा वाटतो, मान्य. पण ती टफन्डच (तापवून मजबूत केलेली) हवी, निदान 8 मिमी आणि कडा घासलेली. साधी काच फुटली की लांब धारदार तुकडे होतात. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप आधीच पक्कं करा. पायांना पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) मात्र टाळा. बेळगाव-खानापूरच्या पावसाळी दमटपणात आणि रोजच्या पोछ्याच्या पाण्यात तो खालून फुगतो. लाकडी पायांनाही रबरी बूट लावा.

सुताराला माप देण्याआधी रद्दी पेपर जोडून टीपॉयच्या मापाचा तुकडा फरशीवर चिकटवा आणि दोन दिवस नेहमीसारखं वावरा. ज्या कडेला पेपर तुडवून फाटेल, त्या बाजूने माप कमी करा.