वळचणीचा जपानी दर

‘ह्याचे तुम्ही पैसे घेता?’

काल गोव्यात फोंड्याजवळच्या एका साइटवर हा प्रश्न मला विचारण्यात आला, तोही पेज पिऊन ढेकर देत. विचारणारे घरमालकाचे काका. घर जपानी वळणाचं आणि कमी वीज खाणारं हवं, हा हट्ट पुतण्याचा. नकाशा माझा. काका फक्त फणस पोचवायला आले होते.

त्यांनी नकाशा उलटा धरला आणि बोट टेकवलं. ‘हे काय?’

‘एंगावा. खोल्यांच्या कडेने लाकडी पट्टा. धड आत नाही, धड बाहेर नाही.’

‘पडवी.’

‘हे गेनकान. दाराशी जमीन खाली. चपला तिथेच काढायच्या.’

‘पायरी. फुडें?’

‘त्सुबोनिवा. घराच्या पोटातली इवलीशी बाग. तिच्यामुळे हवा...’

‘राजांगण. तुळस खंय?’

‘ही शोजी. लाकडी चौकटीवर कागद. उजेड गाळून आत येतो.’

काका प्रथमच थांबले. जिंकलो, असं वाटलं मला.

‘कागद?’ ते म्हणाले. ‘जून म्हयन्यात?’

आता ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, ऐकतो कोण! जपानातसुद्धा वर्षअखेरीच्या साफसफाईत तो कागद बदलायची रीत आहे. तांदळाच्या खळीने चिकटवलेला कागद गोव्याच्या पावसाळ्यात म्हणजे बुरशीला आणि कसरीला जेवणाचं आमंत्रण. म्हणून मी तिथे दुधी पॉलिकार्बोनेट, म्हणजे टणक प्लॅस्टिकचं तावदान, धरलं होतं. ‘आमच्या खिडक्यांना शिंपले होते,’ काका म्हणाले, ‘ह्याने काढून अ‍ॅल्युमिनियम बसवलं.’ हे मात्र खरं. शिंपल्याचं तावदान उजेड तस्साच गाळतं आणि भिजून फाटत नाही.

पण सगळंच ‘आमच्याकडे होतं’ म्हणून चालत नाही हो. टोकियोत डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३१ अंशांवर असतो, तिथली वळचण ते ऊन मुद्दाम आत येऊ देते. गोव्यात तोच सूर्य ५१ अंशांवर, आणि ते ऊन कुणालाच नको असतं. दक्षिणेच्या ४ फुटी खिडकीला सव्वातीन फूट वळचण पुरते. पश्चिमेला सूर्य ३० अंशांवर उतरला की त्याच खिडकीला ७ फूट लागेल. म्हणून पश्चिमेला न्हाणीघर आणि कोठार ढकलायचं, खिडकी अगदी हवीच असेल तर बाहेरून झडपा लावायच्या. आतल्या पडद्याचा फारसा उपयोग नाही; काचेतून आलेली बरीचशी उष्णता पडदा परत पाठवत नाही.

इथवर मी हसत होतो. मग काका म्हणाले, ‘वर मात्र स्लॅब घाला. सोलां, आमसुलां वाळत खंय घालणार? आणि कौलं माकडं फोडतात.’

अरे! पडवी तुमची, राजांगण तुमचं, शिंपले तुमचे, मग स्लॅब कुठून आला? मेच्या सुरुवातीला सूर्य गोव्यात थेट डोक्यावर येतो, मार बसतो तो छपराला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री झोपलेल्यांवर ओकतो. त्यावर कौलं थेट सिमेंटने चिकटवायची, ही तर निव्वळ वेषभूषा. मध्ये निदान ४ इंच पोकळी हवी. हवा वळचणीतून आत, आढ्यातून बाहेर, दोन्हीकडे वटवाघळांसाठी जाळी. एवढं केलं की बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या, पंख्यावर निभतं. तो साधारण ३० वॅट खातो. भर लोडवरच्या दीड टनी एसीच्या विजेत असे चाळीस-पन्नास फिरतील. पण माकडांचं काय, ह्याला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. काकांना ते कळलं. फणसही त्यांनी पुतण्याच्याच गाडीत ठेवला.

रात्री पुतण्याचा मेसेज आला: ‘काका विचारतात, वळचण आणखी एक फूट वाढवली तर तो फूट जपानी दराने की फोंड्याच्या?’