कारवी सात वर्षांची की आठ?

नमस्कार,

कारवीच्या झुडपावरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं, की कारवी आठ वर्षांनी फुलते हे मी कुठेतरी वाचून ठोकून दिलंय, तुमच्या आजीपासून सगळे सातच म्हणत आलेत. आणि २०२४ हे कारवीचं वर्ष असेल तर तुमच्या डोंगरावर ती २०२३ मध्येच कशी फुलली?

दुसरं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी. २०००, २००८, २०१६, २०२४ ही बहरांची साखळी मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली. मी ती अख्ख्या सह्याद्रीला लावून मोकळा झालो. एका डोंगरावरची कारवी एकदम फुलते, पण पलीकडच्या डोंगराचं साल वेगळं असू शकतं. मात्र एक सांगा, तुम्ही पाहिलेली झुडपं उघड्या कातळाच्या सड्यावर, बुटकी, टोपली पालथी घातल्यासारखी गोल होती का? तर मग ती टोपली कारवी, कासच्या पठारावर दिसते ती. मी लिहिलं ते उतारावर, झाडांच्या सावलीत दाटीने वाढणाऱ्या, डोक्याच्या वर जाणाऱ्या कारवीबद्दल. जिच्या काठ्यांचे कूड, म्हणजे घराच्या भिंती, घालून वर शेणमाती लिंपतात.

आता सात की आठ. मला वाटतं आजीचंही बरोबर आहे. २०१६ च्या पावसाळ्यात जांभळी फुलं आली, बोंडं धरली आणि झुडूप वाळलं; कारवी जन्मात एकदाच फुलते. पण बी लगेच पडत नाही. वाळक्या काटक्यांवर बंद बोंडं अख्खा हिवाळा-उन्हाळा तशीच. २०१७ च्या जूनमध्ये पहिली सर ओसरल्यावर मी याच उद्यानातल्या येऊरच्या उतारावर उभा होतो, तर चहूकडून टक्, टक् असे आवाज. एक बी गालावर येऊन आपटली! भिजलं की बोंड ताडकन दुभंगतं, आणि बीच्या बुडाशी असलेला छोटा आकडा तिला लांब उडवतो. (कारवी अडुळशाच्या कुळातली, ही युक्ती त्या कुळात बऱ्याच जणांकडे आहे.)

म्हणजे ती रोपं उगवली २०१७ च्या पावसात, फुलली २०२४ मध्ये. रोपाचं वय मोजा, सात भरतात. बहर ते बहर मोजा, आठ. आजी झुडपाचं वय सांगत असणार, मी बहराचं अंतर सांगत होतो.

जाता जाता नीलकुरिंजीबद्दल एवढंच, की ती कारवीची जातभाई, पण केरळात मुन्नारकडच्या उंच गवताळ डोंगरांवरची आणि बारा वर्षांनी फुलणारी. २००६, मग २०१८. दोघींना एक समजू नका.

लेखातलं ‘सह्याद्रीत’ काढून ‘मुंबईच्या डोंगरांत’ असं केलंय. तुमच्याकडे २०२३ च्या आधीचा बहर कुठल्या साली आला होता, तेवढं आजीला विचाराल?